सोवळ्यातला बर्फ

मी एकदा बर्फ धुतला होता. नुसता धुतला नाही. काथ्याने घासला, दोन पाण्यांतून काढला आणि मग कोरडा व्हावा म्हणून पंच्याने पुसत बसले. पुसला की ओला, पुसला की ओला. मला वाटलं पंचाच ओला झालाय, म्हणून दुसरा घेतला. तोही भिजल्यावर चुलीजवळ टांगलेला ऊन-ऊन तिसरा घेतला. ही माझी अक्कल! तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांची घोडी होते, दोन पुस्तकं वाचून झाली होती, आणि आळीतल्या बायकांत आपण शहाण्या गणले जातो असा माझा समज होता.

आता बर्फाचं कौतुक कुणाला? ठाण्याच्या बाजारात सोडावॉटरवाल्याकडे पोतडीत गुंडाळलेल्या लाद्या असतात. परवा नातवाने सरबतात खडा घालून आणला. मी तो बाहेर काढून तळहातावर धरला. हात बधिर झाला, पाणी कोपरापर्यंत ओघळलं, तरी सोडवेना. पोरगा म्हणाला, "आजी, तो प्यायचा असतो, बघायचा नसतो." त्याला काय सांगू? त्याच्या आजोबांना तो बघायचाच होता. आणि असा खडाभर नव्हे, क्षितिजापर्यंत.

त्यांचं नाव इथे यायचं नाही. घ्यायचं तर उखाण्यात घ्यावं लागेल, आणि या वयात उखाणा अर्ध्यावर विसरला तर शोभा व्हायची. आम्ही तेव्हा 'इकडची स्वारी' म्हणत असू, तेच चालू दे. स्वारी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत गणित शिकवीत असे. घरात माणसं तीन: सासूबाई, स्वारी आणि मी. माझं माहेर कल्याणचं, खाडीकाठचं. गलबतं बघत वाढलेली मुलगी म्हणून मला समुद्राची माहिती फार, असा बोलबाला करून माझं लग्न जुळवलेलं. समुद्र मी एकदाच पाहिला होता, आणि तोही ओहोटीचा.

तर या स्वारीला एक वेड होतं. पृथ्वीच्या पार वरच्या टोकाला समुद्र गोठतो म्हणे. त्यावरून माणसं चालतात, जहाजं त्यात अडकून हिवाळा काढतात. मुंबईच्या कॉलेजात यांना शिकवणारा एक गणिताचा साहेब होता. तो अशा सफरींची पुस्तकं वाचायला देई. त्या जहाजांवरचे लोक रिकामपणी बर्फाला भोक पाडून जाडी मोजत आणि लिहून ठेवीत. ते आकडे घेऊन आमची स्वारी माडीवर बसे. गोठलेला समुद्र कधी न बघता, नुसत्या कागदावर, बर्फ किती दिवसांत किती जाड होईल ते काढायचं!

माडीवर जायला मला एकच राजमार्ग होता, दुधाचा पेला. दिवेलागणीनंतर सासूबाई पेला हातात देत, तो पोचवायचा आणि परत यायचं. पेला पोचवायला किती वेळ लागतो याचा सासूबाईंना अदमास होता. तो चुकला की खालून खोकला येई. तेवढ्या वेळात मला गणित शिकवलं जाई. आता कुणाला पटणार नाही, पण आमचं सगळं नवं-नवं प्रेम त्या खोकल्याच्या आत बर्फाबद्दल बोलण्यात गेलं.

एकदा त्यांनी पेला दिव्यापाशी धरला.

"यावर काय धरलंय?"

"साय."

"आधी कशी धरते?"

"पटकन. पातळ."

"आणि मग?"

"मग दाटते, पण सावकाश."

"का सावकाश?"

मी म्हटलं, "दूध दमतं."

ते इतके हसले की खालून खोकला आला. मग घाईघाईने सांगितलं ते असं. सायीचं कारण वेगळं असेल, पण बर्फाचं सांगतो. गारठा वरून येतो आणि खालचं पाणी गोठवतो. पण आधी धरलेला बर्फ मध्ये पांघरुणासारखा पडलेला. तो जितका जाड, तितका गारठ्याला आत शिरायला उशीर. म्हणून पहिला बोटभर बर्फ धरायला एक तास लागला, तर दोन बोटं व्हायला दोन तास पुरत नाहीत, चार लागतात. तीन बोटांना नऊ. बर्फच बर्फाला वाढू देत नाही.

हे मला कळलं. खरंच कळलं. जिना उतरताना मी बोटं मोजत उतरले आणि शेवटची पायरी चुकून पडले.

पण कळलं म्हणून आवडलं असं नाही. मला त्या बर्फाचा दुस्वास वाटे. कारण साहेबाने शब्द दिला होता: तुझं गणित माझ्या डोळ्यांदेखत खरं करून दाखव, मी तुझ्यासाठी विलायतेस लिहितो. तिथे राहण्या-शिकण्याची सोय होईल, आणि तिथून पुढे उत्तरेकडे, जिथे समुद्र खरोखर गोठतो तिथेही जाता येईल. किती वर्षं? तीन तरी. कदाचित पाच. समुद्र ओलांडलेल्या मुलाचं पान पंगतीत कुठे मांडायचं, ही सासूबाईंची चिंता. माझी चिंता साधी होती. मला सवत आली होती, आणि ती पांढरी होती. रात्रभर मी मनात म्हणे, जाऊ नका. सकाळी चेहरा बघितला की वाटे, जा बाई, एकदाचा बघून या. यातलं एकही वाक्य तोंडाने बोलायची सोय नव्हती. बायकोने नवऱ्याला 'जाऊ नका' म्हणणं हे तेव्हा निर्लज्जपणात जमा होई.

आणि तो दिवस आला. प्रयोग असा करायचा होता: जस्ताच्या मोठ्या भांड्यात बर्फ आणि मीठ कालवायचं, त्यात दुसरं पसरट भांडं बसवून खाडीचं पाणी भरायचं. बर्फात मीठ पडलं की असा काही गारठा सुटतो की खारं पाणीही गोठतं. मग घड्याळ लावून जाडी मोजायची. मिठागरातून मीठ आणून ठेवलेलं होतं. बर्फ सकाळच्या गाडीने मुंबईहून आला: लाकडाच्या भुशात पुरलेली, घोंगडीत बांधलेली लादी, मांडीवर घेतली तर कडेवरच्या पोराएवढी. साहेब दुपारच्या गाडीने यायचा होता. सासूबाई देवळात कीर्तनाला गेल्या होत्या.

त्या काळी नवरा दिवसाउजेडी बायकोशी बोलत नसे. तो खांबाशी बोले आणि बायको खांबामागून ऐके. स्वारी घागर घेऊन खाडीवर पाणी आणायला निघाली, तेव्हा खांबाला सांगितलं गेलं, "आत देवघराच्या शेजारी गारवा आहे, तिथे ठेवायला हवं. फार जपायला हवं."

मी जपलं.

देवघराच्या शेजारी म्हणजे सोवळ्याची जागा. तिथे बाहेरची वस्तू न्यायची तर आमच्या घरचा नियम पक्का: कोरडी असेल तर चालेल, ओली असेल तर नाही. कोरडे तांदूळ कुणाच्याही हातचे चालत, भिजवलेले चालत नसत. आता बर्फ कोरडा की ओला? घोंगडी लोकरीची, तिला विटाळ नाही, इथवर ठीक. पण आतला भुसा ओलसर लागला. म्हणजे ओलं आलं! कुठल्या नळाचं पाणी, कुणी भरलं, कुणी उचललं, काय ठाऊक. सासूबाई घरात असत्या तर विचारलं असतं. नव्हत्या, म्हणून मी स्वतःच शास्त्री झाले. विचार केला, आपल्या विहिरीच्या पाण्याने धुऊन घेऊ, मग पुसून कोरडा करू आणि मग आत नेऊ. बर्फ वितळतो हे मला माहीत नव्हतं का? होतं की! पण तूप वितळतं तसं, चुलीवर ठेवलं तर, अशी माझी कल्पना. विहिरीचं पाणी ते थंडच.

भुसा चांगला जळेल म्हणून बंबात घातला. लादी परसातल्या दगडावर ठेवली आणि घागरी ओतू लागले. अहाहा, काय दिसत होती! आत चिरा, चिरांत ऊन. मी सवतीला न्हाऊ घालत होते आणि मला ती आवडायला लागली होती. घासता घासता वाटलं, लहान होतेय का? मग वाटलं, मळ निघतोय.

स्वारी परत आली तेव्हा बर्फ देवघराच्या शेजारी, तामणात, स्वच्छ, सोवळ्यात होता. शाळिग्रामाएवढा. वर मी तुळशीपत्र ठेवलं होतं.

ते बघत उभे राहिले. घागर खांद्यावरून उतरवायचीही शुद्ध नव्हती. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. शेवटी खांबाला विचारलं, "तुळस कशाला?"

खांबामागे मला रडू फुटलं.

"किती पाणी घातलं?"

मी हात बाहेर काढून बोटं दाखवली. चार घागरी.

"संथ, की ओतून?"

मी ओतून दाखवलं, हाताने घासून दाखवलं. त्यांनी मान हलवली. तामणातला खडा मावळेपर्यंत तिथेच बसले.

साहेब आला. उंच, लालबुंद, ओटीवरच्या बाकावर गुडघे वर करून बसला. मी दाराआडून बघत होते. रिकाम्या भांड्यावर त्याने टिचकी मारली. स्वारीने त्याला सांगितलं की बर्फ वाटेत गेला. माझं नाव, म्हणजे 'घरात धुतला' हे, काढलं नाही. साहेब शहाळं प्याला आणि म्हणाला, हरकत नाही, पुढच्या थंडीत पुन्हा करू, मी पुन्हा येईन. इंग्रजी मला येत नव्हतं. हे नंतर दुधाच्या पेल्याच्या वेळी कळलं, तेही तुटक.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरात मला जवळ बोलावलं. ज्या बाईने दोन वर्षांत माझ्या भाकरीलाही बरं म्हटलं नव्हतं, तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरं केलंस हो, मुली," म्हणाल्या. "मला नसतं सुचलं."

मी हबकून म्हटलं, "अहो आई, मी मुद्दाम नाही..."

"नाहीच म्हणायचं. कुणी विचारलं तर असंच म्हणायचं." आणि दुधाच्या पातेल्यातली सगळी साय वाटीत काढून माझ्यापुढे ठेवली. त्या वारेपर्यंत घरातली साय माझी. मी मूर्खपणा केला आणि मला इनाम मिळालं मुत्सद्देगिरीचं.

साय गोड लागे, पण घशाखाली नीट उतरत नसे. सासूबाईंना जे वाटलं तेच स्वारीलाही वाटलं असेल का? विचारायचं कसं? 'तुम्हाला असं वाटलं का' म्हणायचं म्हणजे 'माझ्या मनात तसं होतं' हे कबूल करायचं. आणि मनात तर होतं! हात निर्दोष आणि मन चोर, अशी माझी गत.

पुढची थंडी आली. मी रोज सकाळी दाराकडे कान लावून. घोंगडी आली नाही, भुसा आला नाही. साहेबाचा निरोप आला, तर शाळेला सुट्टी नाही असं उत्तर गेलं. शाळेला सुट्टी होती, आळीतली पोरं दिवसभर विटीदांडू खेळत होती. त्याच्या पुढच्या थंडीत पुन्हा निरोप, पुन्हा तेच. मग साहेब नोकरी संपवून आपल्या देशी परत गेला, आणि दार कायमचं लागलं.

का नाही आणला पुन्हा बर्फ? माझ्यावरचा विश्वास उडाला म्हणून? मी असेपर्यंत घरात बर्फ आणण्यात अर्थ नाही, असं ठरवून टाकलं? हा काटा मी पुढची सगळी वर्षं घेऊन फिरले.

गणिताचा नाद मात्र सुटला नाही, उलट गणिताने वेगळंच वळण घेतलं. एक दिवस पेला घेताना म्हणाले, "तू धुतलास तेव्हा जे झालं, ते माझ्या गणितात नव्हतं. मी खालचं पाणी संथ धरलं होतं. समुद्र कुठे संथ असतो? तो खालून बर्फाला धूतच असतो." मग मिठाची गंमत सांगितली. आपल्या मिठागरात ऊन पाणी उचलून नेतं आणि मीठ मागे ठेवतं. तिकडे थंडी पाण्याचा बर्फ करते आणि मीठ खाली ढकलून देते. ते जड खारं पाणी बुडतं, खालचं वर येतं, आणि सगळं ढवळून निघतं. "म्हणजे बर्फ स्वतःच आपल्या पायाखाली खळबळ करतो," म्हणाले. बोलता बोलता त्यांचा चेहरा खिडकीकडे वळला, उत्तरेकडे. तिथे आमचा शेवगा होता.

पुढे सासूबाई गेल्या, मुलं मोठी झाली, थोडी मोकळीक आली. मग भरतीच्या वेळी खाडीवर फिरायला जाऊ लागलो, ते पुढे, मी दहा हात मागे. रेल्वेच्या पुलाच्या खांबांना पाणी आपटून मागे भोवरे होत. ते माझ्याकडून कपड्यांची नीळ मागून घेत आणि पाण्यात सोडत. निळी रेघ थोडी सरळ जाई, मग वाकडी, मग कुठे जाई ते देवाला ठाऊक.

"सांग बघू, ही आता कुठे जाईल?"

"पाणी जाईल तिकडे."

"आणि पाणी कुठे जाईल?"

"ते पाण्याला विचारा."

"तेच तर करतोय इतकी वर्षं," म्हणाले. "सांगत नाही."

नीळ संपली तरी पाण्याकडे बघत राहायचे. ती खाडी कधी गोठायची नाही हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. मी कपडे पिवळे घालीन, पण नीळ नाकारायचे नाही.

मग प्लेगचं साल आलं. लोक गावं सोडून रानात झोपड्या घालून राहू लागले. आम्ही डोंबिवलीला एका ओळखीच्या शेतात राहिलो. गाव चिमुकलं, भाताची कापणी झालेली, सकाळी धुकं इतकं की शेजारची झोपडी दिसू नये. मुलं कल्याणच्या मामाच्या शेतावर राहिली होती. एवढं भय आजूबाजूला, आणि मी मेली सुखात! झोपडीला ना माजघर, ना ओटी, ना खांब. नवरा-बायको भरदिवसा समोरासमोर बसून बोलू शकत होतो. आयुष्यात पहिल्यांदा.

तिथे स्वारीने नवा उद्योग काढला. उत्तर हिंदुस्थानात म्हणे कडबा पसरून त्यावर मातीच्या परळांत पाणी ठेवतात, आणि थंडीच्या रात्री त्यावर बर्फ धरतो. आम्हीही भाताचा पेंढा पसरला, परळ मांडले. रोज उजाडताच ते उपरणं डोक्याला गुंडाळून बघायला जात, बोट बुडवत आणि परत येत. डोंबिवलीत बर्फ! केस पांढरे झाले होते, गणित पाठ होतं, होणार नाही हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. तरी जात. ती धुक्यातली वाकलेली पाठ मला बघवेना. म्हणून, की खोडी काढल्याशिवाय मला राहवत नाही म्हणून, कोण जाणे, एके पहाटे मी त्यांच्याआधी उठले आणि परळात तुरटीचा मोठा खडा ठेवून आले. विहिरीचं पाणी गढूळ, निवळायला तुरटी घरात होतीच.

ते गेले, वाकले. आणि तसेच राहिले. मग हळूच खडा दोन बोटांत उचलला, उजेडाकडे धरला. त्या क्षणाचा चेहरा मला पुसता येत नाही. साठी जवळ आलेला माणूस, आणि चेहरा शाळेतल्या मुलाचा. मग जिभेला लावला. तोंड असं वाकडं झालं म्हणता!

मी झोपडीच्या दारात पदर तोंडात कोंबून हसत होते. ते आले, माझ्याकडे बघितलं, आणि तेही हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो दोघं.

"एकदा घालवला होता," मी म्हटलं, "आज आणून दिला. फिटलं."

"फिटलं," म्हणाले.

हसू होतं तेवढ्यात मी विचारून टाकलं. "तेव्हा मी मुद्दाम धुतला, असं वाटलं होतं का हो तुम्हाला?"

"वाटायचं काय त्यात? मुद्दामच धुतलास ना."

"नाही हो! देवाशपथ नाही. मला तो ओवळा वाटला. मी पुसून कोरडा करत होते."

"कोरडा?"

"तीन पंच्यांनी."

धुकं विरळ होत होतं. मला वाटलं, आता हा काटा निघतोच आहे तर पुरता काढावा. म्हटलं, "मग साहेब दोनदा येतो म्हणाला, तेव्हा का नाही आणलात पुन्हा?"

त्यांनी तुरटीचा खडा हातात फिरवला, त्या परळांकडे बघितलं. मग म्हणाले:

"अगं, मला वाटलं, हिला तोंडाने बोलता येत नाही, म्हणून हिने बर्फ धुऊन सांगितलं, जाऊ नका. असं सांगणारं माणूस घरात असताना जायचं कुठे? म्हणून नाही आणला. आता म्हणतेस, पुसून कोरडा करत होतीस. बरं, आज सांगितलंस ते सांगितलंस, पुन्हा सांगू नकोस. मी आपला जुनंच धरून चालतो. आण ती घागर इकडे, पाणी निवळायचं राहिलंय."